आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?



बियाण्याचा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, प्रयोगशाळेतून जे येते ते सगळे कंपन्यांचे जाळे. त्याच्या वाटेला जाऊ नका. दुसरा म्हणतो, शास्त्रज्ञांना जे कळते ते आपल्याला कळत नाही. ते देतील ते पेरावे आणि गप्प बसावे. आमच्या मते दोन्ही तट शेतकऱ्याला नागवणारे आहेत. पहिला त्याला मागे ठेवतो, दुसरा त्याला मुका करतो.

हे नुसते बोलून पटणार नाही, म्हणून एका पिकाची हकीकत मांडतो. ते पीक आपले नाही. ते आहे जव. कोणी त्याला सातू म्हणते, शहरात बार्ली म्हणतात. आपल्याकडे तो होमाला आणि आजाऱ्याच्या पाण्यात दिसतो, पण सिरिया, जॉर्डन, मोरोक्को या कमी पावसाच्या मुलखात तोच कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार. दाणा मेंढ्यांना, काड मेंढ्यांना, पाऊस फसला तर उभे पीकही मेंढ्यांना. ज्वारी आणि कडब्यावर ज्याचे घर चालते त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वाण तयार करण्याचे नवे तंत्र आणि रानातले जुने बियाणे यांची गाठ जवात जशी पडली तशी थोड्याच पिकांत पडली. त्यातून आपण काय घ्यायचे आणि काय मागायचे, हा आजचा प्रश्न.

सहा पिढ्यांचे काम एका पिढीत

आधी तंत्र समजून घेऊ. जवाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात, म्हणजे एकूण चौदा. गुणसूत्र म्हणजे गुणधर्मांची पोथी. जोडीतली एक पोथी आईकडची, एक बापाकडची. दोन वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीची सगळी झाडे सारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र ती फुटतात. कोणी उंच, कोणी बुटके, कोणी लवकर येणारे, कोणी उशिरा. संकरित ज्वारीचे घरचे बी पेरून पाहिले त्या प्रत्येकाने हे डोळ्यांनी पाहिले आहे.

या भेसळीतून एकजिनसी वाण काढायचा तर पिढ्यामागून पिढ्या स्वतःच्याच परागावर बी धरत जावे लागते. दर पिढीला भेसळ निम्मी होते. दुसऱ्या पिढीत शंभरांतल्या पन्नास जोड्या मिश्र, तिसरीत पंचवीस, चौथीत साडेबारा, आणि सहाव्या पिढीत जेमतेम तीन. वर्षाला एक पीक धरले तर नुसते बी स्थिर करण्यातच पाच-सहा वर्षे जातात. चाचण्या त्यानंतर.

नवे तंत्र हा वळसा टाळते. त्यात आधी एकेरी रोप तयार करतात. या रोपात चौदाऐवजी सातच गुणसूत्रे असतात, जोडी नसतेच. असे रोप किडकिडीत असते आणि त्याला दाणा धरत नाही. मग औषध देऊन त्याच सात गुणसूत्रांची दुप्पट करतात. जोडी पुन्हा जमते, पण या वेळी जोडीतल्या दोन्ही पोथ्या अक्षरशः एकच. भेसळीला जागाच उरत नाही. एका पिढीत बी स्थिर! याला शास्त्रज्ञ डबल्ड हॅप्लॉइड म्हणतात. आपण दुहेरी केलेले एकेरी म्हणू.

फायदा नुसता वेळेचा नाही. समजा दोन वाणांतले चार चांगले गुण एका झाडात पक्के हवे आहेत आणि प्रत्येक गुणामागे एक जनुक आहे. नेहमीच्या दुसऱ्या पिढीत असे झाड २५६ झाडांत सरासरी एक सापडते. दुहेरी केलेल्या रोपांत ते १६ त एक सापडते. कुठे अडीचशे आणि कुठे सोळा! ज्या संशोधन केंद्राकडे जमीन थोडी, माणसे थोडी आणि पैसा त्याहून थोडा, त्याला ही मोठी गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट पहिल्या तटाला सांगितली पाहिजे. या तंत्रात परक्या जिवाचे जनुक घालत नाहीत. जवाचेच गुण, जवाचीच गुणसूत्रे. फक्त पिढ्यांची रांग आखूड केलेली.

धोतरा, कळलावी आणि कंदाचा जव

हे तंत्र कोणा कंपनीच्या तिजोरीतून निघाले, असा समज असेल तर तोही सोडावा. फुलातल्या परागकोशापासून एकेरी रोप वाढवण्याचे काम जगात पहिल्यांदा १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी केले. तेही कोणत्या झाडावर? धोतऱ्यावर! आपण बांधावरून उपटून फेकतो त्याच कुळातल्या झाडावर. गुणसूत्रे दुप्पट करायला जे कोल्चिसीन वापरतात, ते आपल्या कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांतही असते. ते जहाल विष आहे, घरी खटपट करण्याची वस्तू नाही.

जवात ही वाट एका जंगली सोयऱ्याने दाखवली. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या मुलखात जवाचा एक जंगली भाऊबंद वाढतो. त्याच्या बुडाशी कांद्यासारखा लहान कंद असतो आणि तो वर्षानुवर्षे जगतो. शास्त्रीय नाव हॉर्डियम बल्बोसम. लागवडीच्या जवाच्या फुलावर याचा पराग घातला की गर्भ धरतो, पण पहिल्या काही दिवसांतच जंगली बापाची गुणसूत्रे एकेक करून गळून जातात. उरतात ती आईची सात. असा गर्भ दाण्यात पोसला जात नाही, म्हणून दोनेक आठवड्यांनी तो अलगद काढून काचेच्या नळीत पोषक द्रव्यावर वाढवावा लागतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातले काशा आणि काओ यांनी ही रीत १९७० साली जगापुढे मांडली. दहा वर्षे उलटायच्या सुमारास त्या रीतीने काढलेला जवाचा पहिला वाण, मिंगो, कॅनडात शेतकऱ्यांच्या हाती आला.

आता हे नीट पाहा. शोध लावला सार्वजनिक विद्यापीठाने, आणि मिंगो वाण बाजारात आणला सिबा-गायगी या कंपनीने. कंपनीने तंत्र उचलले यात आमची तक्रार नाही. तक्रार तेव्हा असते, जेव्हा सार्वजनिक विद्यापीठे आपलेच तंत्र वापरायची सोडून देतात आणि शेतकऱ्याला एकच दार उरते.

वेगाने गुण येत नाहीत

दुसऱ्या तटासाठी हे लिहितो आहोत. हे तंत्र कितीही वेगवान असले तरी ते नवा गुण जन्माला घालत नाही. आईबापांत जे आहे तेच ते लवकर वेगळे करून देते. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा पितळेचा असो की सोन्याचा.

जवाचा आड कोणता? पहिला आड जंगली जवाचा. दहाएक हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने जव लावायला घेतला. जंगली जवाचे कणीस पिकले की तुटून दाणे जमिनीवर सांडतात. दोनपैकी एक जनुक बिघडल्यामुळे ज्या झाडांचे कणीस तुटले नाही, ती कापणाऱ्याच्या हाती आली आणि त्यांचेच बी पुढे पेरले गेले. ती दोन जनुके शास्त्रज्ञांनी २०१५ साली उलगडून दाखवली. ती निवड मात्र सुगी करणाऱ्या हातांनी केव्हाच करून ठेवली होती. पण या निवडीत थोडीच झाडे घरी आली आणि बाकीचे गुण रानातच राहिले. उन्हाशी, तहानेशी, रोगाशी झगडण्याचे कितीतरी गुण त्या मुलखातल्या डोंगरउतारांवर आणि शेतांच्या बांधांवर आजही जंगली जवात उभे आहेत.

दुसरा आड शेतकऱ्यांच्या गावरान वाणांचा. युरोपात जवावर भुरी रोग फार. त्यावर टिकून राहिलेला प्रतिकार मिळाला तो इथिओपियाच्या शेतकऱ्यांच्या गावरान जवातून. १९३७-३८ च्या सुमारास तिथून गोळा केलेल्या बियाण्यात तो होता. १९७९ पासून तो युरोपच्या वाणांत आला आणि पुढे दशकानुदशके टिकला. इथिओपियाच्या त्या शेतकऱ्याचे नाव कुठल्याही पाकिटावर नाही.

तिसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. १९७८ साली जर्मनीत जवावर पिवळा मोझॅक हा जमिनीतून येणारा विषाणू आढळला. फवारणीने तो जात नाही, वाणातच प्रतिकार लागतो. असा एक प्रतिकार सापडला आणि तोच अनेक वाणांत भरला गेला. दहाएक वर्षांत विषाणूची नवी जात आली आणि तिने तो प्रतिकार मोडला. मग शास्त्रज्ञ पुन्हा रानाकडे वळले आणि प्रतिकाराची नवी जनुके त्याच कंदाच्या जंगली जवातून जवात आणली. एकेरी रोपे देणारा सोयराच प्रतिकारही देऊन गेला!

मात्र जंगली सोयरा एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. एक चांगला गुण घेताना त्याला चिकटून दाणा गळणे, बारीक दाणा, उशिरा पिकणे हेही येते. ते झाडून काढायला चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. दुहेरी केलेली रोपे इथे खरी उपयोगी पडतात. रानाचा कोणता तुकडा कोणत्या रोपात आला आणि त्याने काय केले, हे स्थिर बियाण्यात स्पष्ट दिसते, आणि तेच बी अनेक गावांत, अनेक वर्षे पेरून ताडता येते. आड आणि पोहरा दोन्ही लागतात, ते असे.

निवड कोणाच्या रानात?

आता मुद्द्यावर येऊ. बी स्थिर झाले, रोपे शेकड्यांनी तयार झाली. त्यातले चांगले कोणते हे ठरवायचे कोणी आणि कुठे?

सिरियातील अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र होते. नाव इकार्डा, स्थापना १९७७. तिथे साल्वातोरे चेकारेल्ली आणि स्टेफानिया ग्रांदो हे शास्त्रज्ञ जवावर काम करत. त्यांना वर्षानुवर्षांच्या चाचण्यांत एक गोष्ट दिसली. केंद्राच्या चांगल्या जमिनीत आणि बऱ्या पावसात जो वाण पहिला येतो, तो शेतकऱ्याच्या कोरड्या, उपाशी जमिनीत पहिला येत नाही. तिथे दुसरेच वाण पुढे जातात. म्हणजे केंद्रावर निवड करत राहिले तर कोरडवाहूसाठीचे उत्तम बी पहिल्याच चाळणीत फेकले जाते, आणि ते फेकले गेले हे कोणाला कळतही नाही.

त्यांनी आणखी एक केले. १९९६ पासून त्यांनी नऊ गावांतल्या शेतकऱ्यांच्या शेतात जवाच्या ओळी लावल्या आणि निवड शेतकऱ्यांनाच करायला सांगितली. शेतकऱ्यांची निवड शास्त्रज्ञांच्या निवडीपेक्षा उणी ठरली नाही. उलट शेतकऱ्याने असे गुण पाहिले ज्यांना केंद्राच्या वहीत रकाना नव्हता. दुष्काळातही झाड उंच राहिले पाहिजे, कारण बुटके झाड यंत्राला कापता येत नाही, ते हाताने उपटावे लागते. काड मऊ पाहिजे, मेंढीने खाल्ले पाहिजे. साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या पट्ट्यात शेतकरी काळ्या दाण्याचा गावरान जव लावत आणि त्याहून बऱ्या पट्ट्यात पांढऱ्या दाण्याचा. यात पिढ्यांचे गणित होते. काळ्या जवातून निवडलेली तदमूर ही ओळ त्याच गणिताचे फळ. दुष्काळात उंच राहण्याचा गुण शोधताना शास्त्रज्ञ जंगली जवाकडेच गेले आणि त्याचा गावरानातून निवडलेल्या वाणाशी संकर केला.

हे ऐकून कोणाला आपल्या ज्वारीची आठवण झाली नाही? १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा वाढला हे खरे. पण ताट बुटके झाले, कडबा घटला आणि पाऊस लांबला की दाणा काळा पडू लागला. आणि रब्बीत? सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर गावरानातून निवडलेली मालदांडी ३५-१ इतक्या दशकांनंतरही शेतकऱ्याने सोडलेली नाही. भाकरी, कडबा आणि खोल जमिनीतल्या ओलीवर तगणे, या तिन्हींचा हिशोब ती एकटी पुरा करते. केंद्राच्या वहीत क्विंटलचा रकाना होता, शेतकऱ्याच्या हिशोबात गोठाही होता.

म्हणून आमचे म्हणणे असे की वेग वाढला की निवडीची जबाबदारी वाढते. चुकीच्या रानात निवड करून वेग वाढवला तर चुकीचा वाण दहा वर्षांऐवजी पाच वर्षांत आपल्या गळ्यात पडेल, इतकेच.

आणि आड राखणार कोण?

इकार्डाच्या बियाणे पेढीत जव, गहू, मसूर आणि त्यांचे जंगली सोयरे मोठ्या संख्येने साठवलेले होते. सिरियात युद्ध पेटले आणि २०१२ साली केंद्राला बस्तान हलवावे लागले. पण तिथल्या माणसांनी बियाण्याच्या प्रती आधीपासून बाहेर पाठवून ठेवल्या होत्या. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटावर बर्फाच्या डोंगरात २००८ साली जी बियाण्याची तिजोरी उघडली, तिच्यातही त्या होत्या. २०१५ साली त्या तिजोरीतून पहिल्यांदा बी परत काढले गेले ते या केंद्रासाठी. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पुन्हा पेरले आणि २०१७ साली त्याच्या ताज्या प्रती तिजोरीत परत ठेवल्या. युद्धातही आड बुजू दिला नाही याला म्हणतात राखण.

आपल्याकडे युद्ध नाही. तरी किती गावांतून गावरान ज्वारी, देशी कापूस, जुनी तूर नाहीशी झाली, याची वही कोणाकडे आहे?

ज्वारी आणि पऱ्हाटीचे काय?

कोणी विचारेल, जवाचे झाले, आम्हाला काय? तर ऐका.

ज्वारीचे जंगली सोयरे आपल्या देशातही उगवतात. त्यातल्या काहींवर खोडमाशीचा फारसा इलाज चालत नाही, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने तपासून पाहिले आहे. अडचण अशी की त्यांचा पराग ज्वारीच्या फुलात नीट रुजत नाही, म्हणून संकर सहजी होत नाही. हे काम अवघड आहे आणि लांबचे आहे. म्हणूनच ते सरकारी पैशाचे काम आहे.

एकेरी रोपांचे म्हणाल तर कापसात अशी रोपे देणारी ओळ अमेरिकेत १९६० च्या दशकातच सापडली होती. ज्वारीतही तशी वाट सापडल्याचे अलीकडे प्रसिद्ध झाले आहे. मक्यासाठी तर कर्नाटकात कुणिगल येथे बंगळूरचे कृषी विद्यापीठ आणि सिमिट ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी २०२१ साली खास केंद्रच उघडले. मक्याला मिळाले ते कोरडवाहू ज्वारीला का नाही?

पण एक सावधगिरी. जवात या तंत्राचा शेवट सरळ वाणात होतो, ज्याचे बी शेतकरी घरी धरू शकतो. मक्यात त्याचा उपयोग संकरित बियाण्याचे आईबाप तयार करण्याकडे होतो आणि शेतकरी दरवर्षी दुकानात जातो. तंत्र एकच, पण शेतकऱ्याच्या खिशावरचा परिणाम वेगळा. आपल्या कापसात २००२ साली बीटी आले ते संकरित वाणांत आले. तेव्हापासून घरची सरकी पेरणे जवळजवळ संपले. संकरित बियाणे ज्याला परवडते आणि फळते त्याने जरूर घ्यावे, आमची मनाई नाही. पण हलक्या जमिनीत, बेभरवशाच्या पावसात, दुबार पेरणीची टांगती तलवार असताना स्वस्त आणि घरी धरता येणारे सरळ वाणही बाजारात असले पाहिजेत. निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे दोन दारे उघडी असणे.

जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या

एक. अकोला, परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांना ज्वारी आणि कापसात दुहेरी केलेल्या एकेरी रोपांच्या कामासाठी स्वतंत्र निधी द्यावा. त्यातून आधी सरळ वाण काढावेत.

दोन. कोरडवाहू वाणाची निवड केंद्राच्या ओलिताच्या जमिनीत नव्हे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतात, खर्च आणि खतपाणी त्याच्या ऐपतीप्रमाणे ठेवून व्हावी. निवडणाऱ्यांत शेतकरी असावेत, आणि वेचणी, मळणी आणि भाकरी ज्यांच्या हाताने होते त्या बाया असाव्यात. दाण्याबरोबर कडब्याचेही वजन आणि जनावराची पसंती नोंदवावी.

तीन. गावरान वाण आणि पिकांचे जंगली सोयरे गोळा करून त्यांच्या प्रती राष्ट्रीय पेढीत ठेवाव्यात. या कामाच्या राष्ट्रीय ब्युरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्यातच आहे, त्याला बळ द्यावे. एक प्रत मात्र गावात पेरती राहिली पाहिजे. बर्फातले बी जगते, पण पावसाबरोबर बदलत नाही.

चार. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. आपल्या जुन्या वाणातून कोणी नवा वाण काढला तर मोबदला मागण्याची तरतूदही त्यात आहे. तालुक्या-तालुक्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करून द्यावी. नोंदच नसेल तर मोबदला मागायचा कोणाच्या नावाने?

सरकारकडे मागायचे ते हे. आपण करायचे तेही आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. येत्या सुगीत प्रत्येक गाव शाखेने आपल्या शिवारातल्या जुन्या ज्वारीची, देशी कापसाची चार-दोन कणसे, मूठभर सरकी बाजूला काढावी. वाणाचे गावातले नाव, जमीन हलकी की भारी, पाऊस कमी झाला त्या वर्षी त्याने काय दिले, कडबा जनावर कसे खाते, हे पाटीवर नको, वहीत लिहावे. ती वही आणि ते बी पुढच्या बैठकीला घेऊन यावे.

पोहरा त्यांच्या हातात आहे, आड आपल्या शिवारात आहे. आड बुजू दिला तर उद्या सोन्याचा पोहरा सोडला तरी तो रिकामाच वर येईल. आणि आड राखून पोहरा मागितलाच नाही, तर पाणी असून तहानलेले राहू. दोन्ही आपल्याला नको.